गव्हाची गुणसूत्रे फ्लो सायटोमीटरवर दिसत नाहीत, तेव्हा दोष कुठे शोधायचा

फ्लो सायटोमीटर म्हणजे रंगवलेले कण एकेक करून लेझरसमोरून नेत त्यांची चमक मोजणारे यंत्र. त्याबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकाच सुरात येते. सगळे प्रोटोकॉलप्रमाणे केले, तरी हिस्टोग्रामवर (कणांच्या चमकेच्या आलेखावर) नुसता कचरा. डावीकडे उंचावरून घसरत येणारा उतार, उजवीकडे केंद्रकांचे एखादे शिखर, आणि मधे जिथे गुणसूत्रांची शिखरे उभी राहायला हवीत तिथे काहीच नाही. पुन्हा केले की पुन्हा तेच. मधेच एखाद्या वेळी चित्र झकास येते, पण ते का आले हे कळत नाही आणि पुढच्या खेपेला परत उतार. मग यंत्राच्या मागे लागणे सुरू होते: व्होल्टेज वाढवून बघतात, लेझरची जुळणी करून घेतात, सर्व्हिस इंजिनियरला फोन जातो.

माझे मत ठाम आहे. गहू, सातू, राय यांच्यावर मुळांतून गुणसूत्रे सुटी काढण्याची ही पद्धत बसवताना पुन्हापुन्हा भेटणारे बहुतेक दोष मुळे डब्यात असतानाच घडून गेलेले असतात. यंत्र फक्त शेवटचा निकाल सांगते. बियाणे, हायड्रॉक्सीयुरिया, तापमान, फॉर्मल्डिहाइड, होमोजिनायझर (मुळांची टोके फोडणारे यंत्र) या सगळ्यांची बेरीज एकाच आलेखात उमटते आणि त्यातला कुठला आकडा चुकला ते त्या आलेखातून वाचता येत नाही. म्हणून वाटेत दोन ठिकाणी थांबून सूक्ष्मदर्शकातून पाहायचेच: फिक्सेशनच्या (फॉर्मल्डिहाइडने घट्ट करण्याच्या) आधी स्क्वॉश, म्हणजे मुळाचे टोक काचेवर दाबून केलेली स्लाइड, आणि होमोजिनायझेशननंतर सस्पेन्शनचा, म्हणजे गुणसूत्रे तरंगत असलेल्या द्रवाचा, एक थेंब. ही दोन थांबण्याची ठिकाणे घाईत गाळली जातात आणि महिने वाया जातात.

ज्यांच्यासाठी हे नवीन आहे त्यांच्यासाठी पद्धत थोडक्यात सांगतो. चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स इथल्या यारोस्लाव्ह दोलेझेल यांच्या गटाने मुळांच्या टोकांपासून गुणसूत्रे वेगळी करण्याची ही रीत १९९२ मध्ये फाबा बीनवर दाखवली आणि २००० मध्ये गव्हावर आणली. मोड आलेल्या दाण्यांची मुळे हायड्रॉक्सीयुरियात ठेवून पेशींचे विभाजन एका रेषेत आणायचे, नंतर त्या मोकळ्या करायच्या, मेटाफेजमध्ये (गुणसूत्रे आखूड-जाड झालेल्या अवस्थेत) एपीएमने, म्हणजे विभाजनाचे तंतू मोडणाऱ्या रसायनाने, अडवायच्या, बर्फाच्या पाण्यात रात्रभर ठेवायच्या, सौम्य फॉर्मल्डिहाइड द्यायचे, टोके कापून एलबी०१ बफरमध्ये फोडायची, गाळायची, डॅपी या डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाने रंगवायची आणि यंत्रावर चढवायची. गव्हाच्या ३बी गुणसूत्राची बॅक लायब्ररी (डीएनएच्या मोठ्या तुकड्यांचा जिवाणूंत सांभाळलेला संग्रह) आणि पुढे भुजावार, म्हणजे गुणसूत्राची एकेक भुजा वेगळी घेऊन केलेले गव्हाचे सिक्वेन्सिंग, हे सगळे याच तयारीवर उभे राहिले.

आधी ठरवा: शिखरे दिसायला हवीत कुठे?

हा प्रश्न सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका. कित्येकदा गुणसूत्रे सस्पेन्शनमध्ये असतात, पण थ्रेशोल्ड (ज्याखालची चमक यंत्र मोजत नाही ती मर्यादा) केंद्रकांसाठी लावलेला असल्यामुळे यंत्र ती मोजतच नाही.

हिशोब सोपा आहे. ब्रेड गव्हात ४२ गुणसूत्रे. जी१ अवस्थेतल्या (डीएनए दुप्पट होण्याआधीच्या) केंद्रकात प्रत्येक गुणसूत्राचा एकच क्रोमॅटिड असतो. मेटाफेजमधल्या गुणसूत्रात दोन असतात. म्हणजे जी१ केंद्रकाची चमक सरासरी गुणसूत्राच्या २१ पट. सातू आणि रायमध्ये गुणसूत्रे १४, म्हणून तिथे ७ पट. आपल्याकडच्या खपलीत २८, म्हणून १४ पट. कोवळ्या पानाची केंद्रके त्याच बफरमध्ये, त्याच डॅपीत रंगवून आधी चढवा, जी१चे शिखर कुठल्या चॅनेलवर येते ते पाहा आणि त्याला २१ने भागा. गुणसूत्रांची वस्ती त्या परिसरात. मग गेन वाढवून ती जागा पडद्याच्या मध्यावर आणा. केंद्रके उजवीकडे बाहेर गेली तरी चालतील. थ्रेशोल्ड त्या जागेच्या बराच खाली लावा.

ब्रेड गव्हाचा जीनोम साधारण १७ अब्ज बेसजोड्यांचा आणि ३बी एकटे सुमारे १ अब्जाचे. म्हणजे ३बी सरासरीच्या उजवीकडे, जी१च्या सतराव्या भागापाशी दिसणार. हा आकडा डोक्यात असला की पडद्यावरचा कुठला उंचवटा खरा आणि कुठला भास, हे ओळखणे पुष्कळ सोपे जाते.

यंत्राबद्दल आणखी एवढेच: कॅलिब्रेशन बीड्सची शिखरे अरुंद येत असतील तर यंत्राला सोडून द्या. डॅपीला अतिनील लेझर उत्तम, पण ४०५ नॅनोमीटरच्या व्हायोलेट लेझरवरही काम होते, चमक कमी मिळते इतकेच. नमुना सावकाश सोडा, सेकंदाला काही शे कण या बेताने. घाईने सोडला की प्रवाहाचा गाभा रुंदावतो आणि शिखरे पसरतात.

पहिला थांबा: स्क्वॉश

बर्फाच्या पाण्यातून काढलेली चार-पाच मुळे ३:१ इथेनॉल-अॅसिटिक अॅसिडमध्ये टाका, अॅसिटोकार्माइनने किंवा फॉयल्गेनने रंगवा आणि स्क्वॉश करा. निदान पाचशे पेशी मोजा. विभाजन जुळवलेले नसेल तर मुळाच्या टोकात विभाजित होणाऱ्या पेशी जेमतेम पाच-दहा टक्के असतात. जुळवणी साधली तर जवळपास निम्म्या पेशी मेटाफेजमध्ये दिसायला हव्यात. पंधरा-वीस टक्क्यांवर गाडी अडली असेल तर पुढची सगळी मेहनत कचरा वाढवण्यापुरतीच. ती खेप तिथेच थांबवलेली बरी.

आकड्यापेक्षा चित्र जास्त बोलके असते. प्रोफेज पुष्कळ आणि मेटाफेज थोडे दिसले तर एपीएममधून मुळे लवकर काढली. अॅनाफेज दिसत असतील तर एपीएम मेलेले आहे, कारण स्पिंडल (गुणसूत्रे ओढणारे तंतू) मोडले असते तर अॅनाफेज झालाच नसता. सगळ्या अवस्थांची सरमिसळ असेल तर हायड्रॉक्सीयुरियाने अडवलेच नाही, किंवा मुळे मुळातच एकसारखी नव्हती. आणि विभाजनच कुठे नसेल, सगळीकडे नुसती शांत केंद्रके असतील, तर हायड्रॉक्सीयुरिया नीट धुतला गेला नाही किंवा मुळे गुदमरली.

यातल्या प्रत्येकाला कारण असते, आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे बियाणे. जुळवणी रसायन करते हे अर्धेच खरे. उरलेले अर्धे काम एकसारखे मोड आलेल्या दाण्यांचे. एका मुळाची लांबी एक सेंटीमीटर आणि शेजारच्याची चार, अशी परडी असेल तर कुठलाही ब्लॉक त्यांना एका ओळीत आणू शकत नाही. नुकत्याच काढणी झालेल्या गव्हात आणि सातूत सुप्तावस्था असते. ओल्या कागदावर ४ अंश सेल्सिअसला एक-दोन दिवस ठेवून मग २५ अंशांवर, अंधारात मोड आणले की उगवण बरीच एकसारखी होते. मुळे दोन ते तीन सेंटीमीटरची झाली की घ्यायची. लहान-मोठी, तपकिरी टोकाची, वाकलेली मुळे निर्दयपणे बाजूला काढा. बुरशीनाशक लावलेले बियाणे बाजारातून आणून वापरू नका. बुरशी धरलेला दाणाही परडीत नको, त्याचे बीजाणू आणि तंतू थेट तुमच्या हिस्टोग्रामच्या कचऱ्यात जाऊन बसतात. सोडियम हायपोक्लोराइटने दाणे धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून घेतले तर हा त्रास बराच टळतो.

सरावासाठी चायनीज स्प्रिंगचे (गव्हाच्या जीनोम-कामातला प्रमाण वाण) किंवा डायटेलोसोमिक ओळींचे (गुणसूत्राच्या सुट्या भुजा असलेल्या) मोजके दाणे खर्ची घालू नका. पुण्याच्या आघारकर संस्थेचे एमएसीएस ६२२२ किंवा तसला सहज मिळणारा, ताजा, चांगल्या उगवणीचा कुठलाही ब्रेड गहू घ्या आणि हात बसेपर्यंत त्याच्यावर काम करा.

आता हायड्रॉक्सीयुरिया. गव्हाला आणि सातूला २ मिलिमोलर, हॉगलंड द्रावणात (वनस्पतींच्या पोषक द्रावणात), १८ तास, हे चालणारे माप आहे. हे रसायन रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज रोखते, डीएनए बांधायला लागणारे सुटे न्यूक्लिओटाइड संपतात आणि पेशी जी१ आणि एसच्या (डीएनए दुप्पट होण्याच्या अवस्थेच्या) सीमेवर साचतात. पण भुकटी हवेतला ओलावा ओढते आणि पाण्यात टिकत नाही. पावसाळ्यात पुण्या-मुंबईकडे उघडझाप करत राहिलेल्या बाटलीवर भरवसा ठेवू नये. डेसिकेटरमध्ये ठेवा, द्रावण दर वेळी नव्याने करा. "गेल्या वर्षीपर्यंत चालत होते" या तक्रारीमागे मला बहुतेकदा जुनी बाटली दिसते.

मुळे पाण्यात बुडलेली असतात, त्यांना हवा लागते. मत्स्यालयाचा साधा पंप आणि बुडबुड्यांचा दगड पुरतो. तो नसेल तर विभाजन मंदावते, आणि प्रत्येक खेपेला वेगवेगळ्या प्रमाणात मंदावते. म्हणूनच निकाल कधी येतो, कधी येत नाही.

सगळ्यांत जास्त खेपा बुडवतो तो तापमानाचा फरक. हायड्रॉक्सीयुरिया धुऊन टाकल्यावर पेशी एकत्र निघतात आणि काही तासांनी मेटाफेजला पोचतात. छापील प्रोटोकॉलमध्ये गव्हासाठी एपीएमच्या आधी साडेपाच तास दिलेले असतात, तेही २५ अंशांवर आणि अर्ध्या अंशाच्या फरकाने. एप्रिल-मे महिन्यात इकडच्या प्रयोगशाळेत टेबलावर ठेवलेले हॉगलंड सहज तिशी ओलांडते. जानेवारीत सकाळी तेच वीसच्या खाली असते. पेशीचक्राचा वेग त्याप्रमाणे बदलतो आणि साडेपाच तासांचा मुहूर्त चुकतो. इन्क्युबेटर तापलेला असून चालत नाही, त्यात ठेवायचे द्रावणही आधीपासून २५ अंशांवर आणलेले हवे. थर्मामीटर द्रावणात बुडवून पाहा, इन्क्युबेटरच्या दारावरच्या आकड्यावर विसंबू नका.

पुस्तकातला वेळ उसना घेण्यापेक्षा तुमच्या बियाण्याचा, तुमच्या डब्यातला वेळ तुम्हीच काढा. एक दिवस त्यासाठी द्या: हायड्रॉक्सीयुरिया धुतल्यापासून चौथ्या तासानंतर दर अर्ध्या तासाने काही मुळे एपीएमशिवाय फिक्स करा आणि स्क्वॉश मोजा. विभाजनाची लाट कधी उठते, कधी सर्वांत उंच असते, कधी ओसरते, हे एकदा कागदावर आले की एपीएम केव्हा घालायचे ते आपोआप ठरते. वाण बदलला की हे पुन्हा करावे लागते. कंटाळवाणे आहे, पण या एका आलेखाइतके उपयोगी दुसरे काही या कामात नाही.

एपीएम गव्हाला २.५ मायक्रोमोलर, दोन तास. कोल्चिसिन हाताशी आहे म्हणून तेच वापरावे असे वाटते, पण वनस्पतींचे ट्यूब्युलिन त्याला फारसे दाद देत नाही, मात्रा कितीतरी पट वाढवावी लागते. एपीएमचा साठा अॅसिटोनमध्ये करून उणे २० अंशांवर ठेवा. दोन तास म्हणजे दोनच तास. जेवणाच्या सुट्टीत चार झाले तर भगिनी क्रोमॅटिड सुटे होऊ लागतात आणि पुढे यंत्रावर अर्ध्या चमकेची एक दुसरीच वस्ती तयार होते. नंतरचे बर्फाचे पाणी मात्र गव्हासाठी टाळू नका. रात्रभर ०-१ अंशाच्या आसपास राहिलेल्या मुळांत गुणसूत्रे आखूड होतात, पेशीत पसरतात आणि एकमेकांना कमी चिकटतात. फ्रिजमध्ये नुसते गार पाणी ठेवणे पुरेसे नाही. डब्यात सकाळपर्यंत बर्फ शिल्लक दिसला पाहिजे.

फिक्सेशन: इथेच खरी कसोटी

स्क्वॉश छान आहे आणि तरीही यंत्रावर काही नाही, अशी वेळ आली तर संशय फॉर्मल्डिहाइडवर घ्यावा. गुणसूत्रांना होमोजिनायझरचा मार सोसवेल इतके घट्ट करायचे, पण पेशीत अडकून बसतील इतके नाही, एवढ्या अरुंद पट्ट्यात हे काम चालते. गव्हाला ट्रिस बफरमध्ये २ टक्के, ५ अंशांवर, २० मिनिटे, मग त्याच बफरने पाच-पाच मिनिटांच्या तीन धुण्या, ही सुरुवातीची जागा समजा.

ट्रिसमधला अमीन गट फॉर्मल्डिहाइडशी अभिक्रिया करतो. त्यामुळे फिक्सेटिव्ह आदल्या दिवशी करून ठेवले तर बाटलीवर २ टक्के लिहिलेले असते, आत प्रत्यक्षात त्याहून कमी उरते. मुळे बर्फातून काढायच्या बेताला मिसळा. मूळ ३७ टक्क्यांच्या फॉर्मलिनच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ते बहुलक झालेले आहे. गाळून किंवा ढवळून ते वापरात आणू नका, नवी बाटली फोडा. धुण्यांत कसूर झाली तर फिक्सेशन बफरमध्येही चालूच राहते. आणि हे सगळे फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालूनच. पुढे एलबी०१ मध्ये येणारे मर्कॅप्टोइथेनॉलही तसेच, आणि हायड्रॉक्सीयुरियाही खेळण्यातले रसायन नव्हे.

फिक्सेशन कमी की जास्त, हे यंत्रावर दोन्ही बाजूंनी एकसारखेच वाईट दिसते, म्हणून इथे दुसरा थांबा लागतो. होमोजिनायझेशननंतर दहा मायक्रोलिटर सस्पेन्शन डॅपीसह स्लाइडवर घ्या आणि फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. अख्ख्या पेशी आणि त्यांच्या आत जशीच्या तशी मेटाफेजची गुणसूत्रे दिसत असतील तर फिक्सेशन जास्त झाले. निळे चमकणारे चिकट धागे, ढगासारखे गोळे, शेपट्या ओढल्यासारखी लांबट गुणसूत्रे दिसली तर कमी झाले. सुटी, आखूड, कडा स्वच्छ असलेली गुणसूत्रे दिसली तर थेट यंत्राकडे जा. दुरुस्ती करताना तीव्रता आणि वेळ एकदम हलवू नका. २ टक्के तसेच ठेवून १५, २० आणि २५ मिनिटांच्या तीन जुड्या एकाच दिवशी, एकाच परडीतल्या मुळांच्या करा आणि तिन्ही थेंब शेजारी ठेवून पाहा. कुठल्या बाजूला सरकायचे ते डोळ्यांना लगेच कळते.

फोडणे आणि गाळणे

मुळांची एक ते दीड मिलिमीटरची टोकेच घ्या. त्यावरचा भाग विभाजन न होणाऱ्या पेशींचा, तो केंद्रके आणि कचरा यांखेरीज काही देत नाही. साधारण ५० टोके, १ मिलिलिटर थंड एलबी०१, पॉलिट्रॉन होमोजिनायझरवर मिनिटाला २०,००० फेऱ्यांना सुमारे १३ सेकंद. तुमच्या यंत्राची पाती वेगळी असतील तर सेकंद तुम्ही ठरवा: १०, १३, १६ करून थेंब पाहा. तुटलेले तुकडे वाढले की मागे या. पॉलिट्रॉन नसेल तर काचेच्या पेट्री डिशमध्ये नव्या धारदार पात्याने बारीक चिरूनही गुणसूत्रे मिळतात, फक्त कमी.

एलबी०१ मधले स्पर्मिन क्रोमॅटिन सांभाळते, ईडीटीए न्यूक्लिएजना (डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमना) लागणारे मॅग्नेशियम बांधून टाकते. मर्कॅप्टोइथेनॉल ऐन वेळी घाला. पीएच तपासा: वेगवेगळ्या कृतींत तो ७.५ ते ९.५ दरम्यान दिलेला सापडतो, तेव्हा ज्या कृतीची मापे धरली तिचाच पीएच धरा, दोन कृतींची खिचडी करू नका. गाळायला ५० मायक्रोमीटरची नायलॉन जाळी, आणि सॉर्टिंगच्या (हवी ती गुणसूत्रे यंत्राने वेगळी काढण्याच्या) आधी २० मायक्रोमीटरची. सस्पेन्शन व्हॉर्टेक्स करू नका, सेंट्रिफ्यूजचा तर विचारही नको. ट्यूब हलकेच उलटीपालटी करणे पुरे. गुठळ्या होण्यामागे अनेकदा हा जोरच असतो.

शिखरे आली, पण चारच

आता वेगळी तक्रार. सुरेख सस्पेन्शन, कचरा कमी, आणि तरी २१ शिखरांच्या जागी तीन रुंद उंचवटे आणि उजवीकडे एक सुटे शिखर. यात काहीही बिघडलेले नाही. ब्रेड गव्हाचे फ्लो कॅरिओटाइप असेच असते. बाकीच्या २० गुणसूत्रांचे डीएनए इतके जवळजवळ आहेत की ती तीन गटांत मिसळतात आणि ३बी तेवढे एकटे उभे राहते. सातूत १एच आणि रायमध्ये १आर सुटे दिसते, बाकीची गटात. इथे प्रोटोकॉलशी झगडत बसणे म्हणजे बरोबर चाललेले काम मोडणे होय.

बाकीची गुणसूत्रे हवी असतील तर दोन वाटा. डायटेलोसोमिक ओळींत गुणसूत्राच्या भुजा सुट्या असतात, त्या लहान असल्याने इतरांच्या डावीकडे स्वतंत्र शिखर देतात. गव्हाच्या जीनोमवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघाने ३बी सोडून बाकी सगळे असेच भुजावार केले. दुसरी वाट म्हणजे सस्पेन्शनमध्येच जीएए या पुनरावृत्त क्रमाला एफआयटीसी या हिरव्या चमकेच्या रंगाने चमकवणे, ज्याला फिशिस म्हणतात. मग डॅपी एका अक्षावर, एफआयटीसी दुसऱ्यावर, आणि एकत्र मिसळलेले गट फुटू लागतात. त्यासाठी मात्र गुणसूत्रांना सोडियम हायड्रॉक्साइड सोसावे लागते, म्हणजे पुन्हा फिक्सेशन जिथल्या तिथे हवे.

वाणही चित्र बदलतो. पीबीडब्ल्यू ३४३ सारख्या गव्हात १बीच्या आखूड भुजेच्या जागी रायची १आरएस आहे. अशा वाणाचा आलेख चायनीज स्प्रिंगच्या छापील आलेखावर ठेवून जुळत नाही म्हणून कुणी प्रोटोकॉल बदलू नये.

३बीच्या डावीकडे, बरोबर अर्ध्या चमकेवर छोटे शिखर असेल तर ते सुट्या क्रोमॅटिडचे, उपाय वर एपीएममध्ये दिला आहे. गटांच्या दुप्पट चमकेवर उंचवटा असेल तर त्या एकमेकांना चिकटलेल्या गुणसूत्रांच्या जोड्या. पल्सची रुंदी आणि क्षेत्रफळ यांच्या आलेखावर त्या वेगळ्या पडतात, तिथेच गेट लावून काढून टाका. ३बीची सॉर्टिंग खिडकी लावल्यावर हजारभर गुणसूत्रे थेट स्लाइडवर पाडून जीएए प्रोबने फिश करा, म्हणजे चमकणारा प्रोब गुणसूत्रांवर चिकटवून पाहा. शुद्धता किती हे तिथे कळते, आलेखाच्या सुबकपणावरून कळत नाही.

शेवटी डीएनएचे गणित, कारण "सॉर्ट केले पण क्युबिटवर (डीएनए मोजणाऱ्या उपकरणावर) काहीच येत नाही" हा प्रश्नही याच तयारीशी बांधलेला आहे. मेटाफेजमधल्या ३बीत दोन क्रोमॅटिड धरून साधारण २ पिकोग्रॅम डीएनए असतो. एक लाख गुणसूत्रे सॉर्ट केली तरी हाती येणार २०० नॅनोग्रॅम, तेही काही न गमावता. दहा हजारांवर क्युबिटने हात वर केले तर त्यात नवल नाही. तिथे प्रथिने पचवणारे प्रोटीनेज के देऊन फाय२९ या डीएनएच्या प्रती करणाऱ्या एन्झाइमने डीएनए वाढवून घ्यावा लागतो. ती वाढही होत नसेल तर पुन्हा फिक्सेशनची मिनिटे पाहा, कारण जास्त वेळ फॉर्मल्डिहाइडमध्ये राहिलेल्या गुणसूत्राचे शिखर सुंदर दिसू शकते आणि त्याचा डीएनए मात्र एन्झाइमला हात लावू देत नाही.